पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं: आश्रमशाळेतल्या प्रकाश-उत्प्रेरक जलशुद्धी संचाचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर कोकणातल्या एका डोंगराळ तालुक्यातली निवासी आश्रमशाळा. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष, माणसं आणि मदत करणाऱ्या संस्था यांचे तपशील गाळले आहेत. वसतिगृहात १८० मुलं-मुली. पाण्याचा आधार एक बांधीव विहीर. मोटारीने पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून नळांना सोडायचं. पिण्यासाठी माणशी अडीच लिटर धरले तर रोज साधारण ४५० लिटर लागतात.

विहिरीचं पाणी दिसायला नितळ, चवीला जड. दगड काळा बेसाल्ट, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. डाळ शिजायला वेळ लागतो आणि चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, ही तक्रार जुनीच. पावसाळ्यात शेताकडचं पाणी विहिरीच्या कट्ट्याच्या भेगांतून आत येतं आणि मग नितळपणाही जातो.

निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, टाकायची पद्धत होती. पण ती कधी मूठभर, कधी अजिबात नाही. मूठभर पडली की मुलं वासाने पाणी पीत नसत आणि मुलं पीत नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी पावडर टाकत नसे.

या परिस्थितीत एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटाने देणगीच्या पैशांतून फेब्रुवारीत उन्हावर चालणारा जलशुद्धी संच बसवला. सहा उथळ ट्रे, प्रत्येक १२० गुणिले ६० सेंटिमीटर. तळाशी टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेली काच, वर झाकण म्हणून साधी ४ मिलिमीटरची काच. ट्रेमध्ये पाण्याची खोली १ सेंटिमीटर. शेजारी २०० लिटरचा ड्रम आणि सौर पॅनलवरचा छोटा पंप ड्रममधलं पाणी ट्रेंतून फिरवत राहील अशी रचना. दिवसातून दोन फेऱ्या, एक सकाळी ९ ते साडेबारा, दुसरी साडेबारा ते ४. म्हणजे ४०० लिटर. पावडर नको, वास नको, वीजबिल नको. शाळेला ते पटलं यात नवल नाही.

हे साहित्य काय करतं

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये असते तीच पावडर. उजेडात तिच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया घडते याकडे जगाचं लक्ष गेलं ते १९७२ साली, फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी तिच्या मदतीने प्रकाशात पाण्याचं विघटन दाखवलं तेव्हा. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने सूक्ष्मजंतू मरतात हे दाखवलं. तेव्हापासून पाण्यासाठी तिचा अभ्यास चालू आहे. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात वक्र परावर्तकांच्या नळ्यांत या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम झालं आहे.

पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की या पदार्थातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेली रिकामी जागा मिळून पाणी आणि प्राणवायूपासून हायड्रॉक्सिल मूलकासारखे अत्यंत आक्रमक घटक तयार करतात. जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा ते फडशा पाडतात. पुढचं सगळं प्रकरण तीन गोष्टींवर फिरतं.

पहिली, प्रकाश कोणता. जलशुद्धीत सहसा वापरतात त्या अ‍ॅनाटेस रूपाला साधारण ३८८ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबी लागते. म्हणजे अतिनील. सूर्याच्या एकूण ऊर्जेत अतिनीलचा वाटा चार-पाच टक्क्यांचा. निरभ्र दुपारी त्यातला कामाचा भाग चौरस मीटरला ३० ते ४० वॉट मिळतो. दाट पावसाळी ढगांखाली तो पाच-दहा वॉटवर येतो.

दुसरी, अंतर. हायड्रॉक्सिल मूलक नॅनोसेकंदांत संपतो आणि तेवढ्या वेळात तो केसाच्या जाडीचा हजारावा भागही ओलांडत नाही. म्हणजे तळाशी थर असेल तर जंतूला तळाशी यावं लागतं. एक सेंटिमीटर वरून संथ वाहत गेलेल्या जंतूला त्या थराचा पत्ताही लागत नाही.

तिसरी, पाण्यात आणखी काय आहे. बायकार्बोनेट मूलकांना जंतूंपर्यंत पोचण्याआधीच खाऊन टाकतं. ऊर्ध्वपातित पाण्यातला निकाल कोकणातल्या विहिरीच्या पाण्यात तसाच येत नाही तो त्यामुळे.

अडचण

मार्चपासून संच चालू होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वसतिगृहातल्या १४ मुलांना जुलाब-उलट्या झाल्या. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्यांवर बहुतेक बरी झाली, एकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावावं लागलं. शौचाचे नमुने घेतलेले नव्हते, त्यामुळे पाण्यानेच झालं असं या घटनेपुरतं सिद्ध करता येत नाही. पण आरोग्य सेवकाने नळाच्या पाण्याची ओटी, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारी ऑर्थोटोलिडिन चाचणी, केली आणि पाण्याला पिवळेपणाची झाकही आली नाही. क्लोरीन शून्य. विचारल्यावर उत्तर आलं, "सर, आता उन्हाचं मशीन आहे ना, म्हणून मार्चपासून पावडर बंद केली."

हा या प्रकरणातला पहिला निर्णय आणि तो कुणी घेतला हे कुठेच नोंदवलेलं नव्हतं. संच बसवणाऱ्यांनी पावडर बंद करा असं सांगितलं नव्हतं. चालू ठेवा असंही सांगितलं नव्हतं.

एचटूएस बाटल्यांनी तपासणी झाली. या बाटलीत पाणी भरून खोलीच्या तापमानाला ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर विष्ठेतून होणाऱ्या दूषिततेची शंका धरायची. जंतू किती हे ती सांगत नाही, आहेत-नाहीत एवढंच. संचाच्या ड्रमचं पाणी काळं पडलं. जेवणाच्या खोलीतल्या पिंपाचं पाणी तर २४ तासांच्या आतच.

तपासात काय सापडलं

सगळ्यात आधी झाकणं. मे महिन्यात वळवाच्या वादळात झाडाची फांदी पडून चार ट्रेंच्या काचा फुटल्या होत्या. तालुक्याच्या फॅब्रिकेटरने त्या जागी शेडवर घालतात तो पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा बसवून दिला. हलका, न फुटणारा, काचेपेक्षा स्वस्त. पण उन्हात पिवळा पडू नये म्हणून अशा पत्र्यात अतिनील अडवण्याची सोय मुद्दाम केलेली असते. माणसाच्या डोळ्याला पत्रा स्वच्छ पारदर्शक, टायटॅनियमच्या थराला मात्र तो जवळजवळ काळोख.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागली नाही. नोटा तपासायची जांभळी बत्ती, ३६५ नॅनोमीटरची, आणि एक नोट. बत्ती मारली की नोटेतले तंतू आणि क्रमांकाची जागा चमकते. मध्ये खिडकीची काच धरली, चमक जरा मंदावली पण राहिली. पत्रा धरला, चमक गेली. बत्ती घेताना ३६५ चीच घ्यावी. बाजारातल्या स्वस्त बत्त्या बहुधा ३९५ च्या असतात, त्यांचा उजेड अशा पत्र्यातून निसटू शकतो आणि फसगत होते.

मग एवढे दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? निळ्या चाचणीमुळे. संच देताना गटाने शिकवलं होतं की, ट्रेमध्ये मिथिलीन ब्लूचे काही थेंब टाका, तासाभरात निळा रंग गेला की संच चालू आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती चाचणी जूनमध्येही केली होती. पत्र्याखालच्या ट्रेमध्येही रंग फिका पडला, जरा सावकाश एवढंच. कारण मिथिलीन ब्लू स्वतः लाल प्रकाश शोषतं. अतिनील नसलं तरी साध्या उजेडात ते उत्तेजित होतं, आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या थराला देतं आणि स्वतः मोडतं. शिवाय काही परिस्थितीत त्याचं रंगहीन रूप तयार होतं, म्हणजे रेणू जागेवरच असतो, फक्त दिसत नाही. पृष्ठभागाची तुलना करायला प्रयोगशाळेत या रंगाचा उपयोग होतो, पण तिथे प्रकाश ठरलेला असतो आणि शेजारी अंधारातला नमुना असतो. शाळेत यातलं काही नव्हतं. रंग गेला याचा अर्थ रंग गेला, एवढाच.

तिसरी गोष्ट वेळेच्या हिशोबाची, आणि ती पत्र्याआधीपासूनची. सहा ट्रेंचं क्षेत्रफळ ४.३२ चौरस मीटर, खोली १ सेंटिमीटर, म्हणजे कुठल्याही क्षणी उजेडात असलेलं पाणी ४३ लिटर. ड्रममधलं आणि ट्रेमधलं मिळून फिरणारं पाणी २०० लिटर. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक थेंबाला एकूण वेळाच्या जेमतेम २२ टक्के ऊन. साडेतीन तासांच्या फेरीत प्रत्यक्ष ४५ मिनिटं. महाविद्यालयात चाचणी झाली होती ती एकाच ट्रेवर, सगळं पाणी तीन तास उन्हात ठेवून. पंप फिरतोय म्हणजे पाण्याला ऊन मिळतंय, हा समज कागदावर पाच मिनिटांत मोडला असता.

चौथं, घासणी. दर पंधरवड्याला ट्रेच्या तळाशी क्षाराची पांढरी साय धरायची. पाणी उन्हात तापतं, बायकार्बोनेट मोडतं, चुना बसतो. उत्प्रेरकाच्या थरावर चुन्याचा थर बसला की तो गेलाच. साफ करायचं ते २ टक्के सायट्रिक आम्लाने, म्हणजे लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूफूल, वीस मिनिटं ठेवून, मऊ फडक्याने. हे कागदावर होतं, पण तो कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात. स्वच्छता करणाऱ्या कामाठी मामांनी त्यांना येत होतं तसं केलं. तारेची घासणी घेऊन सहाही ट्रे लख्ख केले. "मॅडम, आधी भुरकट दिसायचे, आता आरसा झालाय बघा," असं त्यांनी अधीक्षिकांना कौतुकाने सांगितलं होतं. ते भुरकट म्हणजेच तर औषध होतं. दोन ट्रेंच्या मधल्या पट्ट्यात थर उरलाच नव्हता.

थर इतक्या सहज निघाला याचं कारणही नोंदवण्यासारखं आहे. पावडरीचा घोळ काचेवर फवारून भट्टीत ४५० अंशांना भाजायचा असतो. फार वर, ६०० च्या पुढे गेलं तर अ‍ॅनाटेसचं रूटाइल हे दुसरं रूप होऊ लागतं. कमी भाजलं तर कण काचेला धरत नाहीत. एवढ्या मोठ्या काचा महाविद्यालयाच्या भट्टीत मावल्या नाहीत म्हणून त्या हीट गनने भाजल्या होत्या. शिवाय साध्या काचेतलं सोडियम भाजताना थरात शिरतं आणि थर मंदावतो, म्हणून मधे सिलिकाचा पातळ थर देण्याची पद्धत आहे. तो दिलेला नव्हता. सुटलेली पावडर पाण्यातून पोटात जाणं हाही प्रश्न उरतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतला टायटॅनियम डायऑक्साइड बंद केला. पिण्याच्या पाण्यात तो नकळत मिसळावा असं कुणालाच वाटणार नाही.

आणि शेवटी पिंप. संचातून पाणी पिंपात, पिंपात मुलं पेला बुडवून पाणी घेणार. उजेडाने शुद्ध केलेल्या पाण्यात पुढचं रक्षण करणारं काहीच शिल्लक राहत नाही. ट्रे सोडला की काम संपलं. अर्धमेले झालेले काही जंतू तर अंधारात सावरतात आणि पुन्हा वाढतात, त्यामुळे फेरी संपल्याबरोबर घेतलेला नमुना खोटा दिलासा देऊ शकतो. फेब्रुवारीतले सगळे नमुने ट्रेच्या तोंडाशी, फेरी संपताक्षणी घेतलेले होते.

समोरचे पर्याय

जुलैतल्या त्या आठवड्यात मुख्याध्यापक, अधीक्षिका, आरोग्य सेवक आणि महाविद्यालयातल्या गटाचे मार्गदर्शक यांनी बसून पर्याय मांडले. त्यांपैकी काही लगेच बाद झाले.

उकळणं. ४५० लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण १४१ मेगाज्यूल लागतात. गॅसची अर्धी उष्णता वाया जाते असं धरलं तर दिवसाला सहा किलो एलपीजी. १९ किलोचं सिलिंडर तीन दिवसांत संपणार. आजारी मुलांपुरतं उकळायचं, एवढं ठरलं.

आरओ. पाण्यातले विद्राव्य क्षार इतके नव्हते की त्याची गरज पडावी. शिवाय वाया जाणारं पाणी आणि मेम्ब्रेनची देखभाल आलीच. बाद.

अतिनील दिवा, २५४ नॅनोमीटरचा. हा पर्याय गंभीरपणे पाहिला गेला. टायटॅनियमचा थर नको, ऊन नको, चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल मात्रा मिळाली की जंतू निकामी होतात. पण गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत, पावसाळ्यात या भागात वीज दिवसदिवस जाते आणि पिंपातल्या पेल्याचा प्रश्न तसाच राहतो. मार्गदर्शकांनी ट्रेवर ३६५ नॅनोमीटरचे एलईडी बसवण्याचा विचार मांडला होता. पण वीज लागणारच असेल तर थेट जंतू मारणारा दिवा सोडून उत्प्रेरकाला जागवणारा दिवा का लावायचा, याला उत्तर मिळालं नाही.

बाटलीतलं ऊन. पारदर्शक पेट बाटलीत पाणी भरून सहा तास उन्हात ठेवायची ही पद्धत बैरुतमध्ये आफ्तिम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास मांडली आणि पुढे स्वित्झर्लंडच्या इवाग संस्थेने जगभर नेली. ढगाळ असेल तर दोन दिवस ठेवायच्या. सतत पाऊस असेल तर ही पद्धत वापरायचीच नाही. गढूळपणा ३० एनटीयूच्या खाली हवा. दोन लिटरच्या २२५ बाटल्या आज उन्हात आणि तितक्याच आजच्या पिण्याला. घराघरांत हे जमतं. वसतिगृहात ४५० बाटल्या धुवायला, भरायला, फिरवायला माणूस नव्हता, आणि जुलैत ऊनही.

दृश्य प्रकाशावर चालणारे मणी. याच सुमारास एका विक्रेत्याने ढगाळ हवेत, घरातल्या उजेडातही जंतू मारणारं साहित्य देऊ केलं. असं साहित्य शक्य आहे. कार्बन नायट्राइडसारखे पदार्थ निळ्या प्रकाशापर्यंत, साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंत काम करतात. रोज बंगालसारखे रंग आधाराला बांधून दृश्य प्रकाशात आक्रमक प्राणवायू तयार करता येतो. पण विक्रेत्याच्या कागदावर अंधारातल्या नमुन्याचा निकालही चांगला होता, आणि तीच खटकणारी गोष्ट होती. मण्यांत चांदी होती. अंधारात जंतू मेले तर श्रेय उजेडाचं नाही, पाण्यात उतरलेल्या चांदीचं. मग चांदी किती उतरते ते मोजायला हवं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तिची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. तो आकडा कागदावर नव्हता. नकार दिला.

राहिली टीसीएल. तिच्याबद्दल कुणालाच उत्साह नव्हता, पण पेला बुडवल्यानंतरही पाण्यात उरणारं एवढं एकच होतं.

एक मिश्र पर्यायही निघाला आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी पाण्यात क्लोरीन घालायचं, मग ते ट्रेमधून फिरवायचं, म्हणजे दोन्हींचा फायदा. वरवर शहाणपणाचं वाटतं. पण सूर्यप्रकाशात मुक्त क्लोरीन झपाट्याने मोडतं. उन्हात पसरलेल्या एक सेंटिमीटरच्या थरातून ते फिरवलं तर ड्रममध्ये परत येईपर्यंत पावडरीचे पैसे वाफ झालेले असणार. क्रम लावायचाच तर ऊन आधी, क्लोरीन शेवटी, आणि क्लोरीन घातलेलं पाणी झाकणाच्या टाकीत. आरोग्य सेवकाने हे एका बादलीत दाखवून दिलं. सकाळी ओटी पिवळी आलेली बादली उन्हात ठेवली, दुपारी त्याच पाण्याची ओटी रंगहीन.

केलेली कृती

संच बंद केला. पिण्यासाठी १००० लिटरची झाकणाची काळी टाकी वेगळी ठेवली, खाली चार नळ. पिंप आणि बुडवायचे पेले त्याच दिवशी उचलले. विहिरीच्या कट्ट्याच्या भेगा सिमेंटने भरल्या, शेताकडचं पाणी वळवायला चर खणली.

गढूळ दिवसांसाठी तुरटी. १००० लिटरला २० ग्रॅमने सुरुवात, आधी बादलीत करून पाहायची, रात्रभर स्थिरावू द्यायचं, तळाचं बोटभर पाणी सोडून द्यायचं. गाळ काढल्याशिवाय क्लोरीन घालायचं नाही. गाळच ते खातो.

मात्रा ठरवण्यासाठी मूठ बाद केली. पद्धत अशी. नवीन पावडरीत ३३ टक्के क्लोरीन धरून, ३० ग्रॅम टीसीएल एक लिटर पाण्यात कालवायची. हे झालं साधारण १ टक्क्याचं द्रावण. चुना खाली बसू द्यायचा. दहा-दहा लिटरच्या चार बादल्या टाकीच्या पाण्याने भरायच्या आणि त्यांत नितळ द्रावण अनुक्रमे १, २, ३, ४ मिलिलिटर घालायचं. औषधाची सिरिंज यासाठी उत्तम. दहा लिटरला एक मिलिलिटर म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने चारही बादल्यांची ओटी करायची. ज्या बादलीत शिल्लक क्लोरीन ०.५ च्या आसपास येईल ती आपली मात्रा. जुलैत दुसरी बादली निघाली, म्हणजे टाकीला २०० मिलिलिटर द्रावण, कोरडी पावडर मोजली तर ६ ग्रॅम. आधी मूठभर पडत होती!

ओटीचा रंग लगेच पाहायचा. थांबून पाहिलं तर अमोनियासारख्या पदार्थांशी बांधलेलं क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. नळाशी किमान ०.२ हवं.

डबा घट्ट झाकणाचा, कोरड्या अंधाऱ्या जागी. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळी दमट हवेत काही आठवड्यांत मवाळ होते.

परिणाम

दर सोमवारी तीन ठिकाणी एचटूएस सुरू झाली: टाकी, नळ आणि वर्गात नेलेली कळशी. पहिल्या आठवड्यात एक चूक झाली. क्लोरीनचं पाणी तसंच बाटलीत भरलं. शिल्लक क्लोरीन बाटलीतही काम करत राहतं आणि बाटली पांढरी ती पांढरीच. क्लोरीन निकामी करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचा खडा टाकलेल्या बाटल्या मागवल्यावर खरे निकाल येऊ लागले. आठ आठवड्यांत दोनदा कळशीची बाटली काळी पडली, टाकीची एकदाही नाही. कळशीला झाकण आलं. तालुक्याच्या प्रयोगशाळेत महिन्यातून एक नमुना जाऊ लागला, कारण मानक १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय नसावेत असं सांगतं आणि छोटी बाटली पांढरी राहणं ही त्याची हमी नव्हे.

मुलांची वासाची तक्रार सहा ग्रॅमवर आल्यानंतर उरली नाही.

ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयाच्या गटाने, आधी करायला हवा होता तो प्रयोग केला. तीन ट्रे, तिन्हींवर काचेचंच झाकण. एकात नीट भाजलेला नवा थर, दुसऱ्यात कोरी काच, तिसऱ्यात थर पण वर काळं कापड. तेच विहिरीचं पाणी, फिरवणं नाही, चार तास स्वच्छ ऊन. नमुने लगेच आणि २४ तास अंधारात ठेवून, असे दोनदा. काळ्या कापडाखालचं पाणी काळं पडलं. थराचं आणि कोऱ्या काचेचं, दोन्ही पांढरं राहिलं, दोन्ही वेळा. निव्वळ उन्हाने केलेलं काम आणि थराने केलेलं काम या बाटल्यांनी वेगळं दिसलं नाही. थराने ते लवकर झालं असेल; ते कळायला दर अर्ध्या तासाला नमुना घेऊन जंतू मोजावे लागतात. पण शाळेच्या दृष्टीने प्रश्न मिटला. ज्या दिवशी ऊन आहे त्या दिवशी कोरी काचही पुरते, ज्या दिवशी नाही त्या दिवशी थरही पुरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संचाची परीक्षा फेब्रुवारीत घेतली, ती जुलैत घ्यायची होती. उजेडावर चालणाऱ्या कुठल्याही साहित्याला आपल्याकडे हा पेच आहे की पाणी सगळ्यात घाण तेव्हा आभाळ सगळ्यात काळं. पावसाळ्यात संच देता आला नसता तर निदान पावसाळा संपेपर्यंत टीसीएल चालू राहील हे लेखी ठरवता आलं असतं. पावडर कधी बंद करायची हा निर्णय संच देणाऱ्याने आणि शाळेने मिळून, तारीख घालून घ्यायचा असतो. तो आपोआप होऊ दिला.

ट्रेची खोली एक सेंटिमीटरऐवजी दोन-तीन मिलिमीटर ठेवून, पाणी उतारावरून खळखळत सोडलं असतं तर जंतू थराशी जास्त वेळा आले असते. २०० ऐवजी ५० लिटरचा ड्रम ठेवला असता तर उजेडाचा वाटा २२ वरून ८६ टक्क्यांवर गेला असता, पण मग दिवसाला मिळालं असतं शंभरेक लिटर. हा हिशोब देणगीच्या पत्रात असता तर संच कदाचित बसवलाच गेला नसता, किंवा फक्त पहिली-दुसरीच्या मुलांसाठी बसवला गेला असता.

पावडर पाण्यात मोकळी सोडायची पद्धत प्रयोगशाळेत थरापेक्षा वेगाने काम करते, लिटरला अर्धा-एक ग्रॅम पुरते. पण २१ नॅनोमीटरचे कण नंतर गाळणार कसे? शाळेत तो विचार न केलेलाच बरा.

असं साहित्य कुणी देऊ केलं तर विचारायला हवं: कोणत्या तरंगलांबीचा, किती वॉटचा प्रकाश? आमच्या विहिरीच्या पाण्यात की ऊर्ध्वपातित? एका चौरस मीटरला तासाला किती लिटर? थराशिवाय नुसत्या उन्हात काय झालं आणि थर ठेवून अंधारात काय झालं? झाकण कशाचं, फुटलं तर त्या जागी काय बसवायचं? साफ कोण करणार आणि त्याला कशाने साफ करायचं ते कुणी दाखवलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या प्रकरणात नाही असं होतं आणि ट्रे त्यातच गेले. कामाठी मामांना दहा मिनिटं कुणी समजावलं असतं तर ते थर जपणारे पहिले माणूस ठरले असते, इतक्या मन लावून ते ट्रे घासत होते.

आज दोन ट्रे विज्ञानाच्या वर्गासाठी आहेत, काचेच्या झाकणासह. सौर पंप पिण्याची टाकी भरतो. जांभळी बत्ती कार्यालयात टीसीएलच्या डब्याशेजारी टांगलेली असते आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असते. दर जूनला चार बादल्यांची चाचणी होते. मागच्या खेपेला गेल्या वर्षीच्या डब्यातलं द्रावण आणि नव्या डब्यातलं द्रावण शेजारी शेजारी घालून पाहिलं. नव्याचं जिथे दोन मिलिलिटर पुरलं तिथे जुन्याचे चारही पुरले नाहीत. जुना डबा शौचालयं धुवायला दिला.